ॲपवर लाल चौकट आली, तर काय कराल?

भंडारा जिल्ह्यात धान पिकवायला मोबाइल लागत नाही. पण पिकवलेलं धान सातबाऱ्यावर चढवायला लागतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढणं हे निंदणी-खतासारखंच हंगामाचं काम होऊन बसलं. ही नोंद राहून गेली, की धान विक्रीच्या नोंदणीपासून नुकसानभरपाईपर्यंत ठिकठिकाणी अडतं. शेतापुरतंच हे नाही. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी मोबाइलवर, अंगणवाडीतल्या लेकरांची वजनं मोबाइलवर, रेशनकार्डाची ई-केवायसी मोबाइलवर आणि बाजारातले पैसेही मोबाइलवर.

अशा कामाच्या फोनवर एखाद्या सकाळी लाल चौकट येते : ‘हे ॲप धोकादायक आहे. ताबडतोब काढून टाका.’ खाली ठळक बटण असतं काढून टाकण्याचं, आणि बारीक अक्षरात दुर्लक्ष करण्याचं. काहीजण घाबरून पहिलं बटण दाबतात आणि नेमकं गरजेचं ॲप गमावून बसतात. काहीजण ‘हे रोजचंच आहे’ म्हणून दुसरं दाबतात आणि एक दिवस खात्यातली रक्कम गमावतात. दोघांचीही चूक एकच आहे : निर्णय त्यांनी बटणाच्या रंगावर सोडला.

अँटीव्हायरसचा इशारा चुकीचा असू शकतो. पण तो चुकीचा आहे की खरा, हे ॲपच्या नावावरून कळत नाही, आणि ज्याने ॲप पाठवलं त्याच्या सांगण्यावरून तर अजिबातच नाही. ते ॲप फोनमध्ये कोणत्या वाटेनं आलं आणि आल्यावर काय मागतंय, या दोन गोष्टींवरून ते ठरतं. हे दोन्ही तपासायला संगणकाची पदवी लागत नाही. दहा मिनिटं आणि थोडा धीर पुरतो.

चूक मोठ्यांचीही होते

ऑक्टोबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात अशा दोन घटना घडल्या. महिन्याच्या सुरुवातीला गुगलच्याच ‘प्ले प्रोटेक्ट’ने सॅमसंग वॉलेट आणि सॅमसंग मेसेजेस ही दोन ॲप्स घातक ठरवली. फोन बनवणाऱ्या कंपनीचीच ही ॲप्स. त्यांत विषाणू वगैरे काही नव्हतं. गुगलने चूक दुरुस्त केली.

महिनाअखेरीस उलटं झालं. हुवावे, ऑनर आणि विवो कंपन्यांच्या काही फोनांवर खुद्द गुगलचं ॲप ‘ट्रोजनएसएमएस-पीए’ नावाचं मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, असल्याचा इशारा झळकू लागला. हे ॲप चोरून एसएमएस पाठवतं, असा त्या इशाऱ्याचा सूर होता. चौकशीअंती कळलं, की फोनच्या सुरक्षा ॲपमध्ये अव्हास्ट या कंपनीचं तपासणी इंजिन बसवलेलं होतं आणि चूक त्या इंजिनाची होती. अव्हास्टने ती मान्य करून दुरुस्त केली.

संगणकाच्या दुनियेत तर याहून मोठा घोळ झालेला आहे. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधली ‘एसव्हीसीहोस्ट’ ही अत्यावश्यक फाइल विषाणू समजून बाजूला काढली. परिणाम असा, की जगभर असंख्य संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. व्हायरस कुठेच नव्हता; नुकसान झालं ते इलाजाने.

आता दुसरी बाजूही पाहा, कारण ‘नावाजलेलं ॲप आहे म्हणजे इशारा खोटाच’ ही समजूत तितकीच महागात पडते. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांनी कॅमस्कॅनर या ॲपवर बोट ठेवलं. कागद स्कॅन करायला लाखो लोक ते वापरत होते, झेरॉक्सच्या दुकानांतसुद्धा. ॲप खरंच कामाचं होतं. पण त्यात जाहिरातींसाठी जोडलेल्या बाहेरच्या एका तुकड्यात घातक कोड निघाला. गुगलने ॲप प्ले स्टोअरवरून उतरवलं आणि सुधारलेली आवृत्ती आल्यावरच ते परतलं. म्हणजे ॲप खरं, कंपनी खरी आणि इशाराही खरा!

खोटा इशारा येतो तरी का?

धान खरेदी केंद्रावर आर्द्रता यंत्राने मोजतात. मर्यादा १७ टक्क्यांची. यंत्र दाणा चाखून पाहत नाही, ते फक्त आकडा दाखवतं. मर्यादा फार कडक केली तर चांगलं धानही परत जाईल, सैल सोडली तर ओलं धान पोत्यात शिरेल. अँटीव्हायरसचंही गणित हेच आहे. प्रत्येक ॲपला तो संशयाचे गुण देतो आणि गुण ठरावीक रेषेच्या वर गेले की चौकट दाखवतो. काही निरपराध ॲप्स रेषेपलीकडे जाणारच; नाहीतर काही गुन्हेगार अलीकडे राहतील.

हे गुण वाढतात कशामुळे? नेहमीची कारणं अशी :

पहिलं कारण परवानग्या. एसएमएस वाचणं, स्क्रीनवर दुसऱ्या ॲपच्या वर दिसणं, ठावठिकाणा घेणं आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ (स्क्रीन वाचण्याची व हाताळण्याची मुभा) वापरणं या परवानग्या चोरट्या ॲप्सना हव्या असतात, म्हणून त्या मागणाऱ्या प्रत्येकावर नजर जाते. पण यूपीआय ॲपला एसएमएसची परवानगी लागतेच, कारण तुमचा नंबर त्याच फोनमध्ये आहे याची खात्री ते फोनवरून एसएमएस पाठवून करतं. ई-पीक पाहणीला ठावठिकाणा आणि कॅमेरा लागतोच, नाहीतर फोटो तुमच्याच गटातला आहे हे कळणार कसं? रोजगार हमीच्या हजेरीचं ‘एनएमएमएस’ ॲपही ठिकाण आणि वेळेसह फोटो घेतं.

दुसरं कारण नवखेपणा. आज प्रसिद्ध झालेली आवृत्ती जगात थोड्याच फोनांवर असते. अँटीव्हायरसच्या नोंदवहीत तिची ओळख नसते, म्हणून तो हात राखून वागतो.

तिसरं कारण बांधणी. आपला कोड कुणी चोरू नये म्हणून बँका आणि कंपन्या तो गुंतागुंतीचा करून ठेवतात. मालवेअर बनवणारेही पकडलं जाऊ नये म्हणून तेच करतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

चौथं कारण जुनेपणा. अनेक वर्षांत अपडेट न झालेलं ॲप नव्या अँड्रॉइडवर टाकलं, की ‘हे जुन्या आवृत्तीसाठी बनवलेलं असून त्यात नवी सुरक्षा नाही’ असा इशारा येतो. हा व्हायरसचा इशारा नाही. पण निरर्थकही नाही.

पाचवं कारण लपलेपण. चिन्ह न दाखवणारी ॲप्स संशयास्पद धरली जातात. पण यूआयडीएआयचं ‘आधार फेस आरडी’ तसंच आहे. रेशनच्या ई-केवायसीसाठी ते इन्स्टॉल करावं लागतं, पण स्क्रीनवर त्याचं चिन्ह येत नाही. चेहरा पडताळायची वेळ आली की ते मागून चालतं. प्ले स्टोअरवरून घेतलेलं असेल, तर यादीत ते दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

आधी पाहा, बोलतंय कोण

इशारा आला की कोणतंही बटण न दाबता स्क्रीनशॉट घ्या. तो पुढे कुणाला दाखवायला उपयोगी पडतो आणि तेवढ्या वेळात घाबरगुंडीही ओसरते. मग इशारा कुणाकडून आला ते पाहा. चार शक्यता असतात.

गुगल प्ले प्रोटेक्ट : अँड्रॉइडच्या बहुतेक सगळ्या फोनांत हे असतंच. प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर टिचकी मारली, की ‘प्ले प्रोटेक्ट’ दिसतं. इशारा खरंच त्याचा असेल, तर तिथंही त्याची नोंद असते.

फोन कंपनीचं सुरक्षा ॲप : हे फोनसोबतच येतं. आत इंजिन मात्र बऱ्याचदा दुसऱ्याच कंपनीचं असतं. २०२३ मधला गुगलच्या ॲपचा घोळ इथूनच झाला होता.

तुम्ही टाकलेला अँटीव्हायरस : तेच ॲप उघडा आणि त्याच्या अहवालात इशारा आहे का ते पाहा.

इंटरनेटवरचं पान : ‘तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस, बॅटरी खराब होतेय, दोन मिनिटांत साफ करा’ असं सांगणारी चौकट ब्राउझरमध्ये किंवा क्रोमच्या नोटिफिकेशनमधून आली असेल, तर ती शंभर टक्के खोटी समजा. कुठलंही संकेतस्थळ तुमच्या फोनची अशी तपासणी करू शकत नाही. एखाद्या सिनेमाच्या किंवा निकालाच्या पानावर तुम्ही कधीतरी ‘परवानगी द्या’ दाबलेलं असतं, तिथून या सूचना येतात. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन उघडा आणि अनोळखी पत्ते बंद करा. आयफोनवर तर कुठलंच ॲप दुसऱ्या ॲप्सची तपासणी करू शकत नाही. तिथं ‘व्हायरस सापडला’ म्हणणारी चौकट जाहिरातच असते.

इशाऱ्यातलं नाव वाचा

लाल रंगाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, नावाकडे कुणाचंच नाही. खरी माहिती तिथं असते.

‘ॲडवेअर’ म्हणजे जाहिरातींचा मारा करणारं ॲप. पैशांचा धोका कमी, त्रास जास्त. ‘रिस्कवेअर’, ‘पीयूए’ किंवा ‘पीयूपी’ म्हणजे स्वतः विषाणू नसलेलं, पण भलत्याच्या हाती पडलं तर घातक ठरणारं साधन. दुरून दुसऱ्याची स्क्रीन पाहता येणारी ॲप्स या गटात येतात. कॅस्परस्की तर अशा नावांच्या सुरुवातीलाच ‘नॉट-अ-व्हायरस’ असं लिहितं. तुम्ही स्वतः कामासाठी ते टाकलं असेल तर ठीक. फोनवरच्या ‘बँक अधिकाऱ्या’ने टाकायला लावलं असेल तर ते पाच मिनिटंही ठेवू नका.

नावात ‘जेनेरिक’, ‘जेन’, ‘ह्युर’ किंवा ‘सस्पिशियस’ असं काही असेल, तर अँटीव्हायरसने अंदाज बांधलेला आहे. खोटे इशारे बहुधा याच नावांनी येतात. याउलट ‘बँकर’, ‘स्पाय’ किंवा एखाद्या ओळखीच्या टोळीचं नेमकं नाव असेल आणि ॲप बाहेरून आलेलं असेल, तर ते खरं धरूनच पुढे चला.

ॲप कोणत्या वाटेनं आलं?

सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच. सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी उघडा, त्या ॲपवर टिचकी मारा आणि अगदी खाली जा. बहुतेक फोनांत तिथं ‘ॲप तपशील’ असतो आणि ते प्ले स्टोअरवरून इन्स्टॉल झालं आहे का, हे लिहिलेलं असतं.

प्ले स्टोअरवरून आलं असेल तर तिथं जाऊन प्रकाशकाचं नाव, किती जणांनी घेतलं आणि शेवटचं अपडेट कधी झालं ते पाहा. २०२४ पासून प्ले स्टोअर भारतातल्या अधिकृत सरकारी ॲप्सना ‘सरकारी’ असल्याचा बिल्ला देतं. तो आहे का बघा. प्ले स्टोअर म्हणजे गंगाजल नव्हे. ‘जोकर’ नावाचं मालवेअर तिथल्या ॲप्समध्येही पुन्हा पुन्हा सापडलेलं आहे. पण सरकारी किंवा बँकेचं, भरपूर वापरातलं, नेहमी अपडेट होणारं ॲप तिथूनच घेतलेलं असेल, तर इशारा खोटा असण्याची शक्यता बरीच मोठी.

व्हॉट्सॲपवरून, टेलिग्रामवरून किंवा एसएमएसमधल्या दुव्यावरून ॲप थेट बसवणारी ‘एपीके’ फाइल आली असेल, तर हिशेब उलटा. तिथं इशारा खराच धरायचा. नाव काहीही असो : ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’, ‘वीजबिल अपडेट’, ‘लग्नपत्रिका’. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचं आमंत्रण आलं. पत्रिका समजून उघडलेली ती फाइल एपीके होती, आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. पत्रिका फोटोत येते, पीडीएफमध्ये येते. तिला इन्स्टॉल करावं लागत नाही. पाठवणारा ओळखीचा असला तरी फरक पडत नाही. एकाचा फोन ताब्यात आला की हीच फाइल त्याच्या नावाने त्याच्या सगळ्या गटांत आपोआप जाते. मामेभावाच्या नंबरवरून आली म्हणजे मामेभावाने पाठवली, असं होत नाही.

आणि इथं एक खूण कायम लक्षात ठेवा. फाइल पाठवणारा जर आधीच सांगत असेल की ‘फोन वॉर्निंग देईल, पण ती चुकीची असते, तुम्ही पुढे जा’, किंवा ‘आधी प्ले प्रोटेक्ट बंद करा’, तर तिथंच थांबा. खोटे इशारे येतात हे भामट्यांनाही ठाऊक आहे, आणि त्या खऱ्या गोष्टीचाच ते फायदा उठवतात. कुठलीही बँक, तलाठी कार्यालय किंवा महावितरण तुम्हाला फोनची सुरक्षा बंद करायला सांगत नाही. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या ॲपला ‘ॲक्सेसिबिलिटी’ देताना फोन मुद्दाम अडवतो. ‘प्रतिबंधित सेटिंगला परवानगी द्या’ असं वेगळं जाऊन करावं लागतं. ते करायला कुणी फोनवर बसून शिकवत असेल, तर तो तुमचा हितचिंतक नाही.

काम आणि परवानगी यांचा मेळ बसतो का?

सेटिंग्जमध्ये त्याच ॲपच्या पानावर ‘परवानग्या’ उघडा आणि एकेक वाचत स्वतःला विचारा : या कामाला हे कशाला लागतं? पीक पाहणीला कॅमेरा लागतो, संपर्क यादी कशाला? टॉर्चला दिवा लागतो, एसएमएस कशाला? हवामानाला ठावठिकाणा लागतो, मायक्रोफोन कशाला? उत्तर सापडत नसेल ती परवानगी काढून घ्या. खरं ॲप बहुधा तरीही चालतं, किंवा ती परवानगी का हवी ते सांगतं. खोटं ॲप हटून बसतं आणि तीच परवानगी पुन्हा पुन्हा मागतं.

‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि ‘डिव्हाइस ॲडमिन’ या दोन याद्या वेगळ्या असतात. सेटिंग्जच्या शोधचौकटीत नाव टाकलं की सापडतात. अंधांसाठीचा स्क्रीन वाचक, किंवा कार्यालयाने दिलेल्या फोनचं व्यवस्थापन ॲप तिथं असणं समजू शकतं. लग्नपत्रिका किंवा चलान तिथं दिसलं, तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही.

दुसरं मत घ्या

ॲप प्ले स्टोअरचं आहे, परवानग्या पटण्यासारख्या आहेत, तरी इशारा जात नाही. मग आधी अँटीव्हायरस अपडेट करा, ॲपही अपडेट करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी लावा. खोटा इशारा जगभर एकाच वेळी येत असल्याने कंपनीपर्यंत तक्रारी पोचतात आणि दुरुस्ती अपडेटमधूनच येते. बरेच खोटे इशारे असे एक-दोन दिवसांत आपोआप विरतात.

फाइल हाताशी असेल तर व्हायरसटोटलवर टाकून पाहता येते. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली आणि २०१२ पासून गुगलकडे असलेली ही मोफत सेवा एकच फाइल सत्तरच्या आसपास इंजिनांकडून तपासून घेते. एकाच-दोघांनी, तेही अंदाजाच्या नावाने बोट दाखवलं आणि बाकीचे गप्प असले, तर इशारा बहुधा खोटा. दहा-पंधरांनी एकाच टोळीचं नाव घेतलं, तर चर्चा संपली. पण अगदी ताज्या मालवेअरबद्दल सुरुवातीला सगळेच गप्प असू शकतात, म्हणून बाहेरून आलेल्या फाइलला इथल्या ‘निर्दोष’ निकालाचा आधार देऊ नका. तिथं टाकलेली फाइल सुरक्षा कंपन्यांनाही दिसते. सातबारा, आधार, पासबुक असले कागद तिथं चढवायचे नाहीत.

दुसरं मत हवं म्हणून फोनमध्ये दुसरा अँटीव्हायरस टाकू नका. दोन अँटीव्हायरस एकमेकांवरच संशय घेतात आणि फोन मात्र रांगू लागतो. त्यापेक्षा केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत साधनं मिळतात. सी-डॅकचं ‘एम-कवच’ त्यातलंच.

काढून टाकण्याआधी, आणि ठेवून घेताना

इशारा खोटा वाटो की खरा, कामाचं ॲप काढण्याआधी त्यात काय अडकलेलं आहे ते पाहा. शेतात रेंज नसताना घेतलेले फोटो आणि भरलेली माहिती अपलोड झाली आहे, की अजून फोनमध्येच पडून आहे? ॲप उडवलं की तीही उडते. मुदत दोन दिवसांवर असेल तर आधी अपलोड. यूपीआय ॲप काढलं तर परत टाकताना सगळी नोंदणी नव्याने करावी लागते. सिम त्याच फोनमध्ये असायला हवं. ॲप मात्र एपीकेतून आलेलं असेल, तर हा विचार करत बसू नका, लगेच काढा.

इशारा खोटा आहे अशी खात्री पटली, तर फक्त त्या एका ॲपला सूट द्या. बहुतेक अँटीव्हायरसमध्ये वगळण्याची यादी असते. सगळी तपासणी बंद करणं किंवा अँटीव्हायरसच काढून टाकणं हा उपाय नव्हे. पुढचा इशारा खरा असला तर तो द्यायला कुणी उरायला हवं.

आणि कळवाही. सगळ्या मोठ्या अँटीव्हायरस कंपन्या चुकीचे इशारे कळवण्याची सोय ठेवतात; पुण्याच्या क्विक हीलसारख्या आपल्याकडच्या कंपन्याही त्यात आल्या. ॲपचं नाव, आवृत्ती, इशाऱ्यातलं नाव आणि स्क्रीनशॉट एवढं पाठवलं की पुरे. ॲप बनवणाऱ्याचा ई-मेल प्ले स्टोअरच्या पानावर असतो, त्यालाही कळवा. तुमच्या एका पत्राने त्याच अडचणीत सापडलेल्या गावोगावच्या लोकांचं काम मोकळं होतं.

इशारा खरा निघाला तर

सगळ्यात आधी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा. विमान मोड लावला की दोन्ही एकदम बंद. मग ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि ‘डिव्हाइस ॲडमिन’मधून त्या ॲपचा हक्क काढा, आणि ॲप काढून टाका. निघतच नसेल तर फोन ‘सेफ मोड’मध्ये सुरू करा, त्यात बाहेरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत, म्हणून ती काढता येतात. तेही जमलं नाही, तर फोटो आणि नंबर वाचवून फोन रीसेट करणं हाच मार्ग.

हे चालू असतानाच दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बँकेला कळवून खातं आणि यूपीआय थांबवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार, तुम्ही बँकेला कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीचा भार बँकेवर असतो. म्हणून एकेका मिनिटाला किंमत आहे, आणि तक्रार क्रमांक मागून घेणं त्याहून महत्त्वाचं. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन करा, किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. नंतर पोलीस ठाण्यात जाताना स्क्रीनशॉट, आलेला मेसेज, पाठवणाऱ्याचा नंबर आणि बँकेचे एसएमएस सोबत न्या. ‘लोक हसतील’ म्हणून मेसेज पुसून टाकू नका; तोच पुरावा असतो. पासवर्ड आणि यूपीआय पिन बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून किंवा फोन साफ झाल्यावरच.

ॲप वाटणाऱ्यांसाठी दोन शब्द

जिल्ह्यातल्या शिकवणी वर्गांनी, पतसंस्थांनी, कृषी सेवा केंद्रांनी आणि हौशी विद्यार्थ्यांनी बनवलेली ॲप्स अनेकदा व्हॉट्सॲपवर एपीके म्हणून फिरतात. हेतू चांगला असतो आणि प्ले स्टोअरचं शुल्क व सोपस्कार टळतात. पण त्यातून सभासदांना आणि पालकांना एक घातक सवय लागते : एपीके आली, फोन ओरडला, ‘आपल्याच लोकांचं आहे’ म्हणून पुढे जा. उद्या तुमच्याच संस्थेच्या नावाने भामट्याची फाइल आली, की तीच माणसं त्याच सवयीने ती उघडतील.

म्हणून ॲप प्ले स्टोअरवरच टाका. लागतील तेवढ्याच परवानग्या मागा. एसएमएस आणि ॲक्सेसिबिलिटीला शक्यतो हात लावू नका. जाहिरातींचे अनोळखी तुकडे जोडू नका. कॅमस्कॅनरचं काय झालं ते वर आलंच आहे. प्रत्येक आवृत्तीला तीच डिजिटल स्वाक्षरी ठेवा आणि प्रसिद्ध करण्याआधी व्हायरसटोटलवर तपासून घ्या. इशारा आलाच, तर सभासदांना ‘दुर्लक्ष करा’ असा मेसेज पाठवू नका. अँटीव्हायरस कंपनीकडे दाद मागा, आणि दुरुस्ती होईपर्यंत ‘थांबा, आमच्या कार्यालयात येऊन विचारा’ एवढंच सांगा.

घरात ठरवून ठेवा

घरात एकाच्या फोनवर सगळ्यांचं काम चालतं. आजीच्या रेशनची केवायसी नातवाच्या फोनवर, बाबांची पीक पाहणी मुलीच्या फोनवर. म्हणून नियमही घराचा हवा. एपीके कुणाकडूनही आली तरी उघडायची नाही. ॲप हवं असेल तर प्ले स्टोअरमध्ये नाव टाकून शोधायचं, आलेल्या दुव्यावरून नाही. लाल चौकट आली तर बटण दाबण्याआधी घरातल्या ठरलेल्या माणसाला स्क्रीनशॉट दाखवायचा. तो माणूस कोण, हे आजच ठरवा, आणि त्याच्या फोनमध्ये १९३० व बँकेचा अधिकृत नंबर आत्ताच साठवून ठेवा. वेळ आल्यावर इंटरनेटवर शोधायला गेलं, की अनेकदा भामट्यांचेच नंबर आधी सापडतात.